लाईट ट्रीटमेंट सुरू करताय? आयपीएल, लेझर, एलईडी : पहिल्या भेटीपासून वर्षानुवर्षांच्या मेंटेनन्सपर्यंत

"लाईट ट्रीटमेंट" नावाची एकच काहीतरी गोष्ट असते असा बऱ्याच जणांचा समज असतो, म्हणजे मशीनसमोर झोपायचं, चेहऱ्यावर लख्ख उजेड पडणार आणि स्किन तजेलदार होणार. तसं नसतं. या एका नावाखाली चारपाच अगदी वेगळ्या गोष्टी येतात, काही उष्णता देतात, काही नाही, काही वर्षातून एकदा पुरतात, काही आठवड्यातून तीनदा कराव्या लागतात, आणि एकाला उत्तम लागू पडलेली दुसऱ्याच्या चेहऱ्यावर डाग पाडू शकते. मी बरीच वर्षं यातल्या दोनतीन गोष्टी नियमित घेतेय (गालावरची लाली आणि उन्हाचे डाग, दोन्ही माझ्याकडे आहेत), आणि सुरुवातीला जे कोणी नीट सांगितलं नाही ते सगळं इथे क्रमाने लिहितेय. हे वाचून डॉक्टरकडे जायचं टाळू नका, उलट जाताना वाचून जा.

1. मशीनचं नाव विसरा, आधी टार्गेट ठरवा

सगळा खेळ इथेच आहे म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवते.

त्वचेत उजेड शोषणाऱ्या मुख्य तीन गोष्टी असतात : मेलॅनिन (तपकिरी रंग), रक्तातलं हिमोग्लोबिन (लाल रंग) आणि पाणी. प्रत्येकाला वेगवेगळ्या वेव्हलेंग्थचा (तरंगलांबीचा, ही नॅनोमीटरमध्ये मोजतात) प्रकाश "आवडतो". योग्य वेव्हलेंग्थ, योग्य वेळेपुरता झोत आणि पुरेशी एनर्जी असेल तर फक्त ठरलेली गोष्ट तापते आणि आजूबाजूची त्वचा वाचते, हे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 मध्ये मांडलं आणि आजची बहुतेक सगळी कॉस्मेटिक लेझर त्यावरच चालतात.

आता गोची कुठे होते बघा. गव्हाळ, सावळी किंवा काळी त्वचा म्हणजे वरच्या थरात मेलॅनिन आधीच भरपूर. प्रकाशाला डागातलं मेलॅनिन आणि तुमच्या नेहमीच्या रंगातलं मेलॅनिन यातला फरक कळत नाही, तो दोन्ही तापवतो. म्हणून सेटिंग चुकलं की डाग जायच्या ऐवजी नवीन डाग येतो. गोऱ्या कातडीच्या कोणाचे तरी आधी-नंतरचे फोटो बघून तेच सेटिंग मागायला जाऊ नका, ते तुमच्यासाठी नाहीच.

तर स्वतःला आधी विचारा की नक्की काय त्रास आहे :

- उन्हाचे सपाट तपकिरी डाग, फ्रेकल्स : इथे आयपीएल (पसरट प्रकाशाचे झोत मारणारं मशीन, पुढे सविस्तर) किंवा पिगमेंटचं लेझर चांगलं काम करतं, रिझल्ट लवकर दिसतो.
- गालावर-नाकावर लाली, बारीक लाल शिरा, रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा त्रास) : आयपीएल किंवा रक्तवाहिन्यांचं लेझर (595 नॅनोमीटरचं पल्स्ड डाय आणि 532 चं केटीपी, ही लेझरची नावं). कमी होतं, पण रोझेशियाचा स्वभावच परत यायचा आहे, त्यामुळे मेंटेनन्स लागतोच.
- पोत, उघडी छिद्रं, पिंपल्सचे खड्डे : इथे टार्गेट पाणी, म्हणजे फ्रॅक्शनल लेझर (सूक्ष्म ठिपक्यांमध्ये झोत टाकणारं). आयपीएलने खड्डे भरत नाहीत, कोणी कितीही सांगू दे.
- चालू पिंपल्स : निळा-लाल एलईडी मदत करतो, पण सोबत औषध लागतंच.
- वांग : हा वेगळाच प्राणी आहे, याच्यासाठी खाली स्वतंत्र लिहिलंय.

ज्या क्लिनिकमध्ये "तुम्हाला काय त्रास आहे" च्या आधी "आमच्याकडे नवीन मशीन आलंय" सुरू होतं तिथे जरा सांभाळून.

2. मशीनची तोंडओळख

आयपीएल हे लेझर नाही. त्यात झेनॉन दिव्याचा साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरपर्यंतचा पसरट प्रकाश असतो आणि पुढे फिल्टर लावून खालचा भाग कापतात. 515, 560, 590, 640 असे आकडे ऐकाल ते फिल्टरचे. आकडा मोठा तेवढं वरच्या मेलॅनिनवर कमी जातं, म्हणून सावळ्या त्वचेला वरचे फिल्टर, कमी एनर्जी आणि लांब पल्स (जास्त वेळाचा झोत) वापरतात. अगदी गडद त्वचेला आयपीएल टाळलेलंच बरं. "फोटोफेशियल", "बीबीएल" ही नावं याच कुटुंबातली.

लेझरमध्ये एकच वेव्हलेंग्थ असते. 1064 ची एनडी-याग मेलॅनिनमध्ये कमी शोषली जाते आणि खोल जाते, त्यामुळे गडद त्वचेसाठी तुलनेने सुरक्षित धरतात. फ्रॅक्शनल म्हणजे सगळा चेहरा न भाजता सूक्ष्म ठिपक्यांमध्ये झोत टाकायचा, मधली त्वचा शाबूत राहते आणि तिच्यामुळे भरून येणं लवकर होतं. ही कल्पना 2004 मध्ये आली. यातही दोन जाती आहेत : सीओटू (10,600) आणि अर्बियम याग (2,940) वरचा थर उडवतात, तर 1540 किंवा 1550 वाली वरचा थर जागेवर ठेवून खाली तापवतात. पहिल्या जातीत रिझल्ट जास्त, घरात बसावं लागतं जास्त आणि डाग पडायचा धोकाही जास्त.

एलईडी यात सगळ्यात मवाळ. उष्णतेने काही जाळत नाही. लाल (साधारण 633) आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड (830) पेशींच्या ऊर्जेच्या कामावर आणि सूज कमी होण्यावर परिणाम करतो, निळा (415) पिंपल्सच्या जंतूंमधल्या पॉर्फिरिन नावाच्या द्रव्यावर काम करतो. ही शाखा जन्मली तीच जरा गमतीत : 1967 च्या सुमारास हंगेरीत एन्ड्रे मेस्टर उंदरांवर कमी ताकदीचं लेझर वापरत होते तेव्हा दिसलं की भादरलेले केस लवकर उगवतायत.

3. पहिली भेट : सोबत काय न्यायचं, काय विचारायचं

स्किनच्या डॉक्टरकडेच जा. कारण पहिलं काम ट्रीटमेंट नाही, निदान आहे. डाग वाटतो तो कधीकधी तीळ असतो आणि क्वचित कॅन्सरच्या आधीचा किंवा कॅन्सरचाच ठिपका असतो. त्याच्यावर प्रकाश मारला तर वरचा रंग फिका होतो, खालचं तसंच राहतं आणि निदान लांबतं. डर्मॅटोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) डाग बघितल्याशिवाय हँडपीस (मशीनचा झोत मारायचा भाग) हातात घेणाऱ्याकडून उठून या, खरंच.

सोबत हे न्या :

- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-मलमांची यादी, आयुर्वेदिक, हर्बल, जिमची सप्लिमेंट सगळं धरून. डॉक्सीसायक्लिन, काही बीपीच्या गोळ्या (हायड्रोक्लोरोथायझाईड), अमिओडॅरोन, सेंट जॉन्स वर्ट यांनी त्वचा उजेडाला जास्त संवेदनशील होते.
- आयसोट्रेटिनॉइन (पिंपल्सची गोळी) घेत असाल किंवा मागच्या काही महिन्यांत घेतलं असेल तर केव्हा थांबवलं ती तारीख.
- आधी कुठे लेझर, पील, फिलर, बोटॉक्स केलं असेल तर त्याची माहिती.
- तोंडाच्या कडेला हर्पिसचे फोड येतात का, जखम झाली की फुगीर वण (कीलॉइड) येतो का, लुपससारखा आजार आहे का, याची उत्तरं.
- बिनमेकअपचा चेहरा. फाउंडेशन पुसत बसण्यात भेटीतली पाच मिनिटं जातात.

आणि हे विचारा : माझा त्रास नक्की काय आहे? माझा स्किन टाईप कितवा धरताय? कोणतं मशीन, कोणता फिल्टर किंवा वेव्हलेंग्थ? हँडपीस कोण चालवणार, तुम्ही की टेक्निशियन, आणि तुम्ही तेव्हा इथे असणार का? माझ्यासारख्या रंगाच्या पेशंटचे तुमचे स्वतःचे फोटो दाखवा. भाजलं तर तुमच्याकडे काय करतात?

शेवटच्या प्रश्नावर काही जणांचा चेहरा पडतो. ज्यांनी खूप पेशंट केलेत त्यांचा पडत नाही, ते सरळ सांगतात.

स्किन टाईपबद्दल थोडं. 1 ते 6 अशी फिट्झपॅट्रिक स्केल असते, 1975 मध्ये आली तेव्हा मुळात ती गोऱ्या लोकांना अल्ट्राव्हायोलेट ट्रीटमेंटचा डोस ठरवायला होती, सावळ्या-काळ्या त्वचेचे टाईप नंतर जोडले. तिच्यात फक्त दिसणारा रंग बघत नाहीत तर उन्हात गेल्यावर तुम्ही लाल होऊन भाजता की काळे पडता हे बघतात. म्हणून डॉक्टरांनी न विचारता नुसतं बघून आकडा लिहिला तर तुम्हीच सांगा की उन्हात तुमचं काय होतं.

4. कोणी थांबायचं

प्रेग्नंट असाल तर हे सगळं पुढे ढकला, कॉस्मेटिक आहे, घाई नाही. ताजं टॅन असेल तर निदान चार आठवडे थांबा. त्या जागी इन्फेक्शन किंवा उघडी जखम असेल तर थांबा. टॅटूवर आयपीएल कधीच नाही, त्यातली शाई भयंकर तापते, आणि यात भुवयांचा परमनंट मेकअप पण आला हे लोक विसरतात. सोन्याच्या क्षारांचं औषध पूर्वी सांधेदुखीसाठी देत, ते कधी घेतलं असेल तर क्यू-स्विच्ड लेझरने (अतिशय छोटे, जोरदार झोत मारणारं लेझर) त्वचेला कायमचा निळसर-करडा रंग येऊ शकतो, मग ते औषध कितीही वर्षांपूर्वीचं असो. घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर हे विचाराच.

आणि वांग. वांग हा नुसता रंगाचा डाग नाही, हॉर्मोन, ऊन, उष्णता सगळ्यांनी भडकणारा तो त्रास आहे. आयपीएलनंतर महिनाभर छान दिसतो आणि मग दुप्पट गडद होऊन येतो असं खूप जणींच्या बाबतीत होतं. कमी ताकदीचं "लेझर टोनिंग" वारंवार केलं की काहींना मधेमधे पांढरे ठिपके पडतात आणि ते वांगापेक्षा हट्टी असतात. वांगाला आधी सनस्क्रीन, क्रीम, डॉक्टरांनी दिलं तर गोळ्या, आणि प्रकाश सगळ्यात शेवटी, तोही जपून. माझं मत विचाराल तर पहिल्याच भेटीत वांगासाठी लेझरचं पॅकेज पुढे करणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

5. पॅच टेस्ट

कानाच्या पुढे किंवा जबड्याच्या खाली एकदोन झोत मारून बघतात. बऱ्याच ठिकाणी पंधरा मिनिटं थांबवतात, "काही झालं नाही ना? चला" म्हणतात. पंधरा मिनिटांत फार तर भाजलेलं कळेल. सावळ्या त्वचेला जो खरा धोका आहे, म्हणजे सूज उतरल्यावर मागे राहणारा काळा डाग, तो दोन ते चार आठवड्यांनी दिसतो. त्यामुळे जमलं तर पॅच टेस्ट आणि पहिलं सेशन यात किमान दोन आठवडे ठेवा. क्लिनिकला हे आवडत नाही कारण तुम्ही परत याल की नाही याची खात्री नसते, पण चेहरा तुमचा आहे.

6. आधीचे चार आठवडे

सनस्क्रीन रोज, आजपासून. एसपीएफ 30 किंवा जास्त, यूव्हीए संरक्षण असलेलं, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. काचेतून यूव्हीए येतो, तेव्हा खिडकीशेजारी बसून काम करणारे पण यातून सुटले नाहीत. सावळ्या त्वचेवर दिसणारा उजेडसुद्धा डाग गडद करतो, साध्या सनस्क्रीनने तो अडत नाही, आयर्न ऑक्साईड असलेलं टिंटेड घेतलं तर अडतो. ज्यांना डाग किंवा वांग आहे त्यांनी टिंटेडच घ्यावं.

सेल्फ-टॅनर बंद. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ग्लायकोलिकसारखी ॲसिड सेशनच्या साधारण आठवडाभर आधी बंद (तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील तर ते ऐका). त्याच आठवड्यात ब्लीच, वॅक्स, थ्रेडिंग, पील नको. आधी हर्पिस झाला असेल तर डॉक्टर सेशनच्या आसपास अँटीव्हायरल गोळी देतात, स्वतः आठवण करा.

आयसोट्रेटिनॉइननंतर पूर्वी सरसकट सहा महिने थांबवत. आता वरचा थर न उडवणाऱ्या ट्रीटमेंटसाठी एवढं थांबायला पुरेसा आधार नाही असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत झालंय, पण तुमच्या डॉक्टरांनी थांब म्हटलं तर वाद घालू नका.

पुरुषांसाठी खास : आयपीएल केसांच्या मुळातलं मेलॅनिन पण तापवतं. दाढीच्या भागावरच्या लालीसाठी सेशन घेतलीत तर दाढी ठिकठिकाणी विरळ होऊ शकते आणि ती परत येईलच असं नाही. दाढी ठेवायची असेल तर तो भाग वगळायला आधीच सांगा. बायकांमध्ये याच्या उलट पण होतं, जबड्यावर, मानेवर बारीक लव असेल आणि विशेषतः पीसीओएस असेल तर कमी ताकदीच्या झोतांनी ती लव जाड केसांत बदलल्याची उदाहरणं आहेत.

7. सेशनच्या दिवशी

चेहरा धुऊन, काही न लावता जा. तो भाग केसाळ असेल तर आदल्या दिवशी रेझर फिरवा, वरचे केस जळून त्वचेला चटका बसतो.

बधिर करणारं क्रीम घरून थापून जाऊ नका. आयपीएलला ते बहुतेक वेळा लागतही नाही. मोठ्या भागावर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं तर त्यातलं बधिर करणारं औषध, लिडोकेन, रक्तात जाऊन जिवावर बेतू शकतं, अमेरिकेच्या औषध नियंत्रक एफडीएने 2007 मध्ये याच कारणाने इशारा दिला होता. शिवाय दुखणं हा तुमचा अलार्म आहे, तो बंद करून बसायचं कशाला.

गॉगल. नाकावर घट्ट बसतो की नाही आणि खालून उजेड येतो का हे झोत सुरू व्हायच्या आधी बघा. पापणीवर किंवा डोळ्याच्या अगदी जवळ काम असेल तर आतून घालायचं धातूचं शील्ड लागतं, नुसता गॉगल पुरत नाही, बुब्बुळात मेलॅनिन आहे हे विसरू नका. ऑपरेटरने स्वतः गॉगल घातलाय का तेही बघा, नसेल घातला तर बाकीच्या गोष्टीत तो किती काळजी घेत असेल याचा अंदाज येतो.

मग थंड जेल लावतात, हँडपीसचं गार टोक टेकवतात, मिटल्या डोळ्यांतही पांढरा भडका जाणवतो आणि रबरबँड ताणून सोडल्यासारखा फटका बसतो. केसांच्या जवळ जास्त लागतं, वरच्या ओठावर तर डोळ्यांतून पाणीच येतं. हे नॉर्मल. फटका लगेच ओसरला पाहिजे. एकाच जागी जळजळ वाढत राहिली तर हात वर करून थांबवा, "सहन करा मॅडम, अजून थोडंच राहिलंय" याला भुलू नका.

पहिल्या काही झोतांनंतर चांगला ऑपरेटर थांबतो आणि बघतो. डाग किंचित गडद झाला पाहिजे, बारीक शीर पुसट किंवा निळसर झाली पाहिजे, आजूबाजूला हलकी लाली आली पाहिजे. त्वचा करडी-पांढरी पडली किंवा हँडपीसच्या आकाराचे ठळक चौकोन उठले तर सेटिंग जास्त झालंय. माझ्या एका सेशनला आरसा मागितला तेव्हा गालावर असा एक चौकोन उमटायला लागला होता, डॉक्टरांना दाखवल्यावर त्यांनी तिथेच एनर्जी खाली आणली आणि गार पॅक ठेवला, दोन दिवसांत गेला. आरसा मागायला लाजू नका.

निघताना सेटिंग लिहून घ्या : मशीन, फिल्टर, ज्यूल (किती एनर्जी), पल्स, किती पास (किती वेळा फिरवलं). फाईलमधल्या पानाचा फोटो काढला तरी चालतो. हा आग्रह का, ते नवव्या मुद्द्यात येतंय.

8. नंतरचे दहा दिवस

लाली काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत, डोळ्यांखाली थोडी सूज एकदोन दिवस. गार ओलं कापड ठेवा, बर्फ थेट घासू नका. एकदोन दिवस गरम पाण्याची आंघोळ, सॉना, दणकून व्यायाम, क्लोरीनचा पूल नको.

डाग दुसऱ्या दिवसापासून काळपट होतात आणि चेहऱ्यावर बारीक कण चिकटल्यासारखे दिसतात. नवीन माणूस इथेच घाबरतो. ते आपोआप सात ते दहा दिवसांत निघतात, अंगावरचे त्याहून सावकाश. नखाने उकरायचे नाहीत, स्क्रब नाही, टॉवेलने चोळणं नाही. नुसतं सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. ॲसिड आणि रेटिनॉल आठवडाभर नाही. ऑफिसचं फंक्शन किंवा घरचं लग्न असेल तर सेशन निदान तीन आठवडे आधी उरकून घ्या.

फोड आला, दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, पू किंवा हर्पिससारखे पुंजके दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाहीये किंवा धूसर दिसतंय, तर स्किनचं क्लिनिक नाही, थेट डोळ्यांचे डॉक्टर.

9. मेंटेनन्स

आयपीएलची सुरुवातीची मालिका साधारण तीन ते पाच सेशनची असते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. मग थांबून बघायचं. त्यानंतर बहुतेकांना सहा ते बारा महिन्यांतून एक सेशन पुरतं. वरचा थर न उडवणारं फ्रॅक्शनल बरेच जण मालिकेनंतर वर्षातून एकदा करतात. कोलॅजनचा बदल तीन ते सहा महिन्यांत हळूहळू येतो, त्यामुळे पंधरा दिवसांनी आरशात बघून "काहीच फरक नाही, अजून एक घेते" असं करू नका. दर महिन्याला कायमस्वरूपी आयपीएल घ्यायला सांगणारं पॅकेज कशासाठी आहे ते तुम्हीच ओळखा.

नियमित केल्याने म्हातारपण लांबतं का? 2013 मध्ये स्टॅनफर्डमधून एक अभ्यास आला, त्यात पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या हातावर असा प्रकाश दिल्यावर काही जीन्सचं वागणं तरुण त्वचेसारखं झाल्याचं दिसलं. याचा जाहिरातीत फार गाजावाजा होतो. बायका होत्या फक्त पाच. इंटरेस्टिंग आहे, पण यावर पाच वर्षांचं पॅकेज घ्यावं एवढं वजन त्याला नाही. जमा झालेले डाग आणि लाली पुसत राहणं, त्वचेचा रंग एकसारखा ठेवणं हे मात्र यातून नक्की होतं, आणि सनस्क्रीन सोडलंत तर काही महिन्यांत सगळं परत जागेवर येतं.

वही ठेवा (फोनमध्ये असली तरी चालेल). त्यात तारीख, मशीन, सेटिंग, लाली किती दिवस टिकली, डाग कधी निघाले, त्या महिन्यात ऊन किती लागलं. दर तीन महिन्यांनी एकाच खोलीत, एकाच खिडकीजवळ, एकाच वेळी, बिनमेकअप, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो, ब्युटी फिल्टर बंद करून. डॉक्टर बदलतात, टेक्निशियन बदलतात, मशीन नवीन येतं आणि तुमची फाईल सापडत नाही. तेव्हा ही वही नसेल तर नवीन माणूस तुमच्यावर पुन्हा शून्यापासून प्रयोग करतो. एक लक्षात ठेवा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवरचे ज्यूल सारखे नसतात, त्यामुळे मशीन बदललं की जुना आकडा जसाच्या तसा वापरायला सांगू नका, पॅच टेस्ट पुन्हा.

आणि दर सेशनला तुमचा रंग तोच असेल असं नाही. उन्हाळ्यात किंवा फिरून आल्यावर टॅन असतो. मागच्या वेळी चाललेलं सेटिंग यावेळी भाजू शकतं, हे सगळ्यात जास्त होणाऱ्या अपघातांपैकी एक आहे, कारण दोन्ही बाजू निर्धास्त असतात.

10. घरी वापरायची मशीन

एलईडी मास्क किंवा पॅनल घ्यायचं तर वेव्हलेंग्थ आकड्यात लिहिलेली हवी (633, 830 च्या आसपास), नुसतं "लाल प्रकाश" नाही. किती अंतरावर किती ताकद मिळते ते हवं. सात रंगांचे मास्क मिळतात, जांभळा-पिवळा-हिरवा, त्यातल्या बहुतेक रंगांचा उपयोग दिवाणखान्याच्या सजावटीला होईल. आठवड्यातून तीन ते पाच वेळा, दहा-वीस मिनिटं, निदान दोनतीन महिने, मग कमी करत न्यायचं. दुप्पट वेळ बसल्याने दुप्पट फायदा होत नाही, उलट डोस जास्त झाला की परिणाम कमी होतो असं या प्रकाशाचं वागणं आहे.

वांग किंवा पटकन काळे डाग पडणारी त्वचा असेल तर निळा टाळा. डोळ्यांना संरक्षण लावा. 2019 मध्ये न्यूट्रोजीनाने आपला पिंपल्सचा लाईट मास्क डोळ्यांच्या काही आजारांत आणि उजेडाला संवेदनशील करणाऱ्या औषधांसोबत धोका होऊ शकतो म्हणून बाजारातून परत घेतला होता. मायग्रेन किंवा फिट्सचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरचं आयपीएल मुख्यतः केस काढायला असतं. डब्यावरचा त्वचेच्या रंगांचा तक्ता बघा, गडद रंगांसमोर फुली असते ती शोभेला नाही. सेन्सरने झोत नाकारला तर पावडर लावून किंवा दुसऱ्या जागी टेकवून त्याला फसवू नका. तिळांवर, टॅटूवर, डागांवर मारू नका.

11. कधी सोडून द्यायचं

तीन सेशननंतर फोटोत काहीच बदल नसेल तर चौथं घेण्याआधी त्रासाचं निदान पुन्हा करून घ्या, बहुधा टार्गेट चुकलेलं असतं. दोनदा लागोपाठ काळे डाग मागे राहिले तर ते मशीन तुमच्यासाठी नाही. ते डाग महिन्यांनी जातात, त्यांच्यावर लगेच अजून लेझर मारून घेऊ नका, सनस्क्रीन आणि डॉक्टरांचं क्रीम चालू ठेवून थांबा. एखादा डाग ट्रीटमेंटनंतर परत येताना वेगळ्या आकाराचा, वेगळ्या रंगाचा किंवा वाढता दिसला तर तो पुन्हा प्रकाशाखाली न्यायचा नाही, बायोप्सी लागेल का ते विचारायचं. आणि सगळी सेशन एकदम विकत घेऊ नका, एकेक किंवा फार तर दोन, म्हणजे मधेच थांबावंसं वाटलं तर पैसे अडकलेत म्हणून चेहरा पुढे करावा लागणार नाही.